कोजागिरी, खाडीचं तोंड आणि उलांडी नसलेली होडी

पहिला दिवस, चतुर्दशी

पुण्यातून पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघालो पावणेसातला, कारण गाडीच्या टपावर सतरा फुटी तीन कयाक (दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने, बसून चालवायच्या अरुंद बोटी) बांधणं हे काम नेहमी अंदाजापेक्षा दुप्पट वेळ खातं आणि दाजींना प्रत्येक पट्टा तीनदा ओढून बघायची सवय आहे. आम्ही चौघं. मी, दाजी, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि ताई. ताई पाण्यात उतरत नाही, तिला पोहायला येतं पण "मला हौस नाही" म्हणते. तिच्याकडे किनाऱ्यावरचं काम: आम्ही किती वाजता कुठून निघालो, किती वाजता कुठे पोचणार, आणि नाही पोचलो तर किती वाजता कोस्ट गार्डच्या १५५४ ला फोन लावायचा, हे सगळं एका वहीत लिहून ती वही घेऊन बसायचं. तेव्हा वाटलं होतं की हे सगळ्यात सोपं काम आहे.

कोल्हापूरला मिसळ, मग राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाट. घाटमाथ्यावर चार वाजता पोचलो तेव्हा ऑक्टोबरचं ते टिपिकल ऊन होतं, अंगाला चिकटणारं, आणि पूर्वेकडे फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर वर चढत होते. भाचीने फोटो काढला. मी म्हणलं, छान दिसतायत. आता तो फोटो बघितला की स्वतःच्या टाळक्यात एक द्यावीशी वाटते, कारण दुसऱ्या रात्री जे झालं त्याचं सगळं सामान त्या फोटोत होतं, आम्ही मात्र सगळा अभ्यास समुद्राचा करून आलो होतो. इन्कॉइस ह्या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघितला होता (दीड ते दोन मीटर, तेरा सेकंदांचा पिरियड, एका लाटेनंतर तेरा सेकंदांनी दुसरी, म्हणजे लांबून आलेल्या, लांब-लांब अंतराच्या, दिवसा बघितल्या तर आळशी वाटणाऱ्या लाटा), भरती-ओहोटीचं टेबल छापून लॅमिनेट केलं होतं, चंद्र कधी उगवणार ते पाठ होतं. घाटाकडे पाठ.

मुक्काम देवबागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि तिच्या पुढे देवबाग, ही वाळूची एक लांबलचक पट्टी आहे, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि काही ठिकाणी पट्टी इतकी अरुंद की एका घराच्या पुढच्या अंगणातून समुद्र आणि मागच्या दारातून खाडी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते, आणि पलीकडे भोगवे. आमच्या घरमालकांना सगळे तात्या म्हणतात म्हणून आम्हीही तात्याच म्हणायला लागलो. सत्तरीच्या आसपास वय, आयुष्य मासेमारीत गेलेलं, आता मुलगा होडी घेऊन जातो आणि तात्या फक्त सल्ला देतात.

तात्यांनी कयाकला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, टकटक वाजवून बघितलं, मग विचारलं, "ह्येका उलांडी खंय आसा?"

उलांडी म्हणजे होडीच्या बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेलं लाकूड, त्याने अरुंद होडी कलंडत नाही. मी म्हणलं, तात्या, ह्याला उलांडी नसते, कंबरेने तोल सांभाळायचा.

"आणि रातचे कित्याक जातास? दिवस मेलो काय?"

ह्याचं उत्तर आमच्यापैकी कोणालाच नीट देता आलं नाही. खरं कारण असं की गेली सहा वर्षं आम्ही पवना आणि मुळशीच्या धरणात वल्हवतोय, रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, शिकलो, एकमेकांना पाण्यातून परत बोटीत घेणं शिकलो, समुद्रात दिवसा बऱ्याचदा गेलो, आणि आता कोजागिरीला चांदण्यात समुद्रावरून जाऊन भोगव्याच्या वाळूत मसाला दूध प्यायचं हे भाचीच्या डोक्यातून निघालं आणि कोणाला नाही म्हणता आलं नाही.

त्या संध्याकाळी फक्त सराव. मालवण बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्याला बाहेरून फेरी. सागरी पोलिसांना आधी लेखी कळवलं होतं, तरी जेटीवर एका हवालदारसाहेबांनी परत सगळं विचारलं, आधार बघितलं, दिवे चालू करून दाखवायला लावले. बरोबरच आहे, २००८ नंतर रात्री किनाऱ्यावर बारीक काहीतरी सरकताना दिसलं की विचारणारच, आणि आमच्या बोटी तर पाण्यातून जेमतेम वीतभर वर असतात.

किल्ल्याचं काय सांगायचं, १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि तीन वर्षांत उभा केला हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण तो किल्ला तिथेच का, हे मला त्या रात्री ढुंगणाखालच्या बोटीतून कळलं. बंदराच्या बाजूने पाणी शांत, आपण गप्पा मारत जातो, आणि पश्चिमेच्या तटाला वळसा घातला की एकदम पाण्याला काही दिशाच राहत नाही. समुद्राकडून लाट येते, तटावर आणि खालच्या खडकांवर आपटते, परत फिरते, आणि येणारी आणि जाणारी एकमेकींवर चढल्या की पाणी जागच्या जागी खांबासारखं उठतं आणि बसतं. बोट पुढे जात नाही, नुसती वर-खाली, वर-खाली, लिफ्टमध्ये कोणी पोरगं बटणं दाबत बसल्यासारखी. वर ढगाआड चंद्र, काळा तट, पाण्याखाली कुठे खडक आहे ते फक्त पांढरा फेस फुटला की कळणार. शत्रूच्या गलबताने इथे रात्री यायचं म्हणजे काय असेल विचार करा. आम्ही तटापासून दोनशे मीटर बाहेर गेलो तेव्हा कुठे पाणी जरा शहाणं झालं. मला उलटी झाली. दाजींनाही झाली पण ते मान्य करत नाहीत.

रात्री तात्यांकडे बांगड्याचं तिखलं, भाकरी. कुर्ल्या (खेकडे) मागितल्या तर वहिनी म्हणाल्या पुनवेला कुर्ल्या पोकळ असतात, अवसेला या.

दुसरा दिवस, कोजागिरी

दिवसभर झोप, पट्टे, हॅचचं (बोटीतल्या सामानाच्या कप्प्याचं) रबर. माझ्या बोटीच्या मागच्या हॅचचं झाकण जुनं आहे, थोडं पाणी घेतं, त्यावर मी डक्ट टेप मारला आणि विषय संपवला.

भरतीचं गणित सोपं आहे, आजोबा सांगायचे तेच: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. हे मुंबईकडचं गणित, मालवणात भरती थोडी आधी होते, आमच्या टेबलात पावणेअकरा होती. शिवाय पौर्णिमा म्हणजे उधाणाची भरती, पाणी जास्त चढणार आणि मग जास्त ओढीने उतरणार. म्हणून प्लॅन असा: आठला तारकर्लीहून निघायचं, किनाऱ्याला समांतर साधारण सहा किलोमीटर दक्षिणेला, साडेदहा-अकराच्या दरम्यान पाणी भरून थांबलेलं असताना कर्लीचं तोंड ओलांडायचं, पलीकडे भोगवे, दूध, झोप. ताईच्या वहीत: बारापर्यंत फोन, साडेबाराला १५५४.

सगळ्यात वाईट म्हणजे प्लॅन चांगला होता.

आठला निघालो तेव्हा चंद्र माडांच्या वर आलेला, समुद्र चांदीचा वगैरे, मी ते लिहीत बसत नाही, कोजागिरीच्या चंद्रावर मराठीत पुरेसं लिहून झालंय. फक्त एवढंच की त्या लांब लाटांवर बोट चढताना किनाऱ्यावरचे दिवे दिसायचे आणि उतरताना गायब व्हायचे, पुढची बोटही गायब व्हायची, मग तिच्या पाठीवरची हिरवी ग्लोस्टिक (अंधारात चमकणारी कांडी) परत वर यायची. भाची पुढे, मी मधे, दाजी मागे. किनाऱ्यापासून चार-पाचशे मीटरवर, कारण जवळ गेलं की लाटा फुटतात आणि लांब गेलं की मच्छीमारांची जाळी.

नऊच्या सुमाराला भाची थांबली. म्हणाली, "मामा, वास येतोय का?"

येत होता. ओल्या मातीचा. पहिल्या पावसात अंगणात येतो तो. समुद्रात, खारट पाण्यावर बसून, पाठीमागून मातीचा वास. मला क्षणभर फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू. दाजी मात्र वळून पूर्वेकडे बघत होते आणि तिकडे चांदणंच नव्हतं. माडांच्या मागे आकाश संपलं होतं, एक सपाट काळी कड, आणि तिच्या पोटात आतल्या आत वीज लुकलुकत होती, आवाज न करता.

हवा गार पडली. पंख्याखालून एसीत गेल्यासारखी, एका मिनिटात. आणि मग वारा.

आता इथे जरा थांबून सांगतो कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपण समुद्राला घाबरतो म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या गोष्टीला घाबरतो. लाट पश्चिमेकडून, वादळ पश्चिमेकडून, पावसाळा पश्चिमेकडून. पण ऑक्टोबरात पाऊस परतीला लागलेला असतो, दुपारी सह्याद्रीवर ढग वाढतात, आणि संध्याकाळी ते उलटे खाली कोकणात आणि समुद्रावर उतरतात. ढगातून पाऊस कोसळतो, त्याच्याबरोबर गार जड हवा खाली आदळते आणि जमिनीवरून चहूकडे पसरत सुटते. रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा आपण भूगोलात शिकलो, तो बिचारा मंद, त्याच्या भरवशावर होड्या बाहेर पडत. हा त्याचा गुंड चुलतभाऊ. आणि हा तुम्हाला किनाऱ्यावर आपटत नाही, बाहेर नेतो.

त्यात अजून एक फसवणूक. वारा जमिनीकडून असला की किनाऱ्याजवळचं पाणी खवळत नाही, त्याला लाट करायला अंतरच मिळत नाही. म्हणजे पहिली पाच मिनिटं वाटतं की फक्त वाराच तर आहे, पाणी सपाट आहे. आणि तेवढ्यात तुम्ही दोनशे मीटर बाहेर गेलेले असता, तिथे लाटा गुडघाभर, पुढच्या दोनशे मीटरला कंबरभर, आणि खालून ती तेरा सेकंदांची मोठी लाट उलट बाजूने येतेच आहे, तिच्या माथ्याला समोरून वारा लागला की माथा उभा होतो आणि त्याचं पाणी फाटून परत समुद्राकडे उडतं.

मी "किनाऱ्याकडे वळा" असं ओरडलो. कोणाला ऐकू गेलं नाही. शिट्टी वाजवली, तीही वाऱ्याने बाहेरच नेली. सुदैवाने तिघांच्या डोक्यात एकच गोष्ट आली आणि तिघंही वळलो. चंद्र गेला. बटण बंद केल्यासारखा. आणि पाऊस, थेंब थेट तोंडावर आडवे, हेडलॅम्प लावला तर समोर फक्त पांढऱ्या रेघांची भिंत, म्हणून बंद केला.

अंधारात पॅडल पाण्यात घातलं तर निळा उजेड. खरंच. चांदण्यात आत्तापर्यंत दिसला नव्हता, आता प्रत्येक फटक्याला पात्याभोवती निळसर ठिणग्यांचा भोवरा, बोटीच्या नाकाशी निळी मिशी, माझ्या मांडीवरच्या स्प्रे स्कर्टवर (बोटीत पाणी शिरू नये म्हणून कंबरेभोवती ताणलेल्या कापडावर) पाणी पडलं की त्यात चार-दोन ठिपके लागून विझायचे. समुद्रातले बारीक जीव ढवळले की असे चमकतात हे माहीत होतं, बघायची फार वर्षं इच्छा होती, आणि बघायला मिळालं ते अशा वेळी की मी फक्त एकच गोष्ट बघत होतो, त्या ठिणग्या मागे सरकतायत का जागच्या जागी आहेत. जागच्या जागी होत्या.

शांत पाण्यात आम्ही ताशी पाच-सहा किलोमीटर जातो. त्या वाऱ्यात, माझ्या अंदाजाने वीस-पंचवीस नॉट असेल, झोतात जास्त, सगळा जोर लावून आम्ही एक-दीडने जातोय असं वाटत होतं. पॅडल वर केलं की वरचं पातं वारा धरायचा आणि हिसकायचा, म्हणून खालून, जवळजवळ पाण्याला घासत, छोटे छोटे फटके. भाची माझ्या डावीकडे आली, इतकी जवळ की पॅडलं आपटत होती, आणि म्हणाली, "मामा, मोजू या." शंभर फटके मोजायचे, मग परत एकपासून. दाजी उजवीकडे होते, ते काहीतरी म्हणत होते, नंतर कळलं रामरक्षा. माणूस एरवी देवळाच्या बाहेर चपला सांभाळत उभा राहतो.

विजेचं काय करायचं ह्यावर पुण्यात आमची मोठी चर्चा झाली होती. कार्बनचं पॅडल आडवं ठेवायचं, एकमेकांपासून लांब राहायचं, विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपवर आधी बघायचं. प्रत्यक्षात ॲप हॅचमध्ये ड्राय बॅगेत, लांब राहिलं तर हरवू, आणि पॅडल आडवं ठेवलं तर आफ्रिका. उजेड आणि आवाज ह्यातले सेकंद मोजून तीनने भागलं की किलोमीटर येतात, मी नऊ मोजले, मग सहा, मग मोजणं सोडून दिलं.

साधारण पाऊण तासाने वारा जसा आला तसाच पडला. हळूहळू नाही, एकदम. पाऊस थोडा वेळ सरळ पडत राहिला, मग तोही गेला, आणि ढगाच्या मागच्या कडेतून चंद्र परत आला, काही झालंच नाही असा चेहरा करून. आम्ही तिघं तीन दिशांना तोंड करून हाफत होतो. किनाऱ्यावरचे दिवे बघून जीपीएस काढला तर देवबागपासून जवळपास दोन किलोमीटर बाहेर होतो. सगळा वेळ जीव खाऊन किनाऱ्याकडे वल्हवत असताना दीड किलोमीटर बाहेर गेलो होतो. हात कापत होते म्हणून खजूर भाचीने दाजींच्या तोंडात घातला.

मोबाईलला रेंज नव्हती. दहा वाजून गेले होते.

ह्यानंतरची चूक माझी. सरळ देवबागच्या किनाऱ्याकडे यायचं सोडून मी म्हणलं, तोंडातूनच आत जाऊ, खाडीत शांत पाणी असेल, समोरच्या फुटणाऱ्या लाटांमधून रात्री उतरण्यापेक्षा ते बरं. वाऱ्याने उठवलेलं पाणी अजून बसलेलं नव्हतं, दाजींचा खांदा धरला होता, दर दहा मिनिटांनी थांबत थांबत तोंडाशी पोचायला सव्वाबारा वाजले. पावणेअकराला भरती संपलेली. म्हणजे दीड तास ओहोटी. उधाणाची.

आवाज आधी आला. लाट फुटते तो धप्प आवाज नाही, सलग गुरगुर, लांबून मालगाडी येते तसा. मग चांदण्यात दिसलं: नदीचं अख्खं पाणी बाहेर ओढत होतं आणि समुद्राच्या त्या लांब, आळशी लाटा त्याच्यावर येऊन एकेक करून अडखळत होत्या, आखूड होत होत्या, उभ्या राहत होत्या आणि वाळूच्या दांड्यावर तीन-चार रांगांनी फुटत होत्या. ज्या लाटेवर आम्ही खुल्या समुद्रात तासभर निवांत वर-खाली झालो, तीच लाट इथे माणूसभर उंच भिंत. आणि आम्ही थांबलो असतानाही बोटी बाहेर सरकत होत्या, ओढ आमच्यापर्यंत येत होती.

दाजी म्हणाले, "नाही." एवढंच. वाद झाला नाही.

परत उत्तरेला फिरलो, आणि तेव्हा देवबागच्या किनाऱ्यावर एक टॉर्च दिसली. कोणीतरी ती गोल गोल फिरवत होतं, मग एका ठिकाणी स्थिर धरत होतं, परत गोल. कोण ते कळायची गरजच नव्हती. टॉर्च जिथे स्थिर होत होती तिथे फेसाच्या पांढऱ्या पट्ट्यात एक काळी फट होती, तिथे लाटा कमी फुटत होत्या. भाची मोठ्या लाटा मोजत थांबली, शेवटच्या लाटेच्या पाठीवर बसून सुळकन गेली आणि वाळूवर उभी राहिलेली दिसली. दाजी गेले, वाकडे-तिकडे पण गेले.

मी गेलो आणि मागच्या हॅचमध्ये भरलेलं पाणी (डक्ट टेप!) एकदम मागे धावलं, शेपूट जड झालं, बोट लाटेला आडवी. लाटेकडे झुकून ब्रेस, म्हणजे पॅडलचा पाण्यावर आधाराचा फटका, मारायचा असतो, तो मारला, पवनेत हजार वेळा मारलाय, पण पवनेत लाट नसते. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. नाकात पाणी, कानात वाळूची सरसर, वर कुठे खाली कुठे, स्कर्टची दोरी हाताला लागली ती ओढली, बाहेर आलो, श्वास घेतला तर अर्धा श्वास आणि अर्धा समुद्र. रोल बिल काही सुचलं नाही. हातपाय मारत होतो, जीव तोडून, आणि मग कोणीतरी लाइफ जॅकेटच्या खांद्याला धरून उचललं आणि तात्यांचा आवाज आला, "उभो ऱ्हव, उभो ऱ्हव, गुडघ्याएवढा पाणी हा."

खरंच गुडघाभर होतं.

"पाय घासत चल, पाकट आसतत." वाळूत पाकट बसलेली असते, पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला ताबडतोब पुढची भीती पुरवायची ही मालवणी पद्धत.

ताई वर कोरड्या वाळूत उभी होती, वही हातात. एक वाजायला दहा मिनिटं कमी. तिने साडेबाराला फोन लावायला घेतला होता, पण तात्या म्हणाले दहा मिनिटं थांब, वारो पडलो हा, येतले, आणि तिला तेवढ्यात तोंडाजवळ तीन हिरवे ठिपके दिसले. ती काही बोलली नाही. दाजींच्या गळ्यात टॉवेल टाकला, पोरीला जवळ घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि वहीत वेळ लिहिली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

थर्मास भाचीच्या बोटीत होता. दूध गरम होतं. केशर, वेलची आणि दाताखाली वाळू.

तिसरा दिवस, प्रतिपदा

अंग म्हणजे ठणकणारा एकच गोळा. सकाळी पेज आणि लोणचं. गाडीची किल्ली माझ्या जॅकेटच्या खिशात होती, रिमोट मेला, त्यावर अर्धा दिवस आणि मालवणातला एक मेकॅनिक गेला, ते रडगाणं इथे नको.

चारनंतर तात्या मला एकट्याला घेऊन पट्टीच्या टोकाला गेले. ओहोटी संपत आलेली. काल रात्री जिथे भिंती फुटत होत्या तिथे आता वाळूचा दांडा उघडा पडलेला आणि त्यावर कुरव पक्षी रांगेत बसलेले, एका पायावर. नदीचा प्रवाह त्याला वळसा घालून दक्षिणेच्या कडेने जात होता, पाण्याचा रंग वेगळा, मातकट.

तात्या बोलले ते त्यांच्याच शब्दात: "तुमका लाट दिसता. वारो खंय दिसता? आनी दर्यात काय नाय, मधी दर्या मोकळो आसता. माणूस मरता तो तोंडार. सुकतीक तोंडार जावचा नाय. भरती भरली काय थोडो येळ पाणी उभा ऱ्हवता, तेवा जावचा, नायतर घराक निजाचा."

सुकती म्हणजे ओहोटी. मी म्हणलं, काल तुम्ही आम्हाला अडवलं का नाही.

"तुमच्याकडे छापलेलो कागद होतो," तात्या म्हणाले. टोमणा होता का खरंच तसं वाटलं होतं, मला अजून कळलेलं नाही.

रात्री परत जायचं का ह्यावर घरात मतदान झालं. ताई एकटीच हो म्हणाली. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. तिची अट होती, तात्या त्यांच्या होडीतून बरोबर येणार आणि ती त्या होडीत बसणार. दुपारभर सगळे घाटाकडे बघत होते, मी तर जेवताना ताट घेऊन पूर्वेच्या दारात बसलो. आकाश कोरं राहिलं. एक ढगसुद्धा वाढला नाही.

आता भरती साडेअकराला. आम्ही ह्या वेळी खाडीच्या बाजूने, तात्यांच्या मागच्या दारातून पाण्यात उतरलो, अकराच्या पुढे. तात्यांची होडी उलांडीवाली, मागे छोटं इंजिन, ते फटफट करत पुढे आणि आम्ही तिघं बदकांच्या पिल्लांसारखे मागे. तोंडाशी पोचल्यावर तात्यांनी इंजिन बंद केलं.

पाणी उभं होतं. मला हा शब्द तोवर कळलाच नव्हता. आत जात नव्हतं, बाहेर येत नव्हतं, चंद्र त्याच्यावर न हलता पडलेला, समुद्राची लाट यायची ती नुसती पोटाखालून जायची आणि मागे आत कुठेतरी विरून जायची. दांडा खाली पाण्यात होता, पॅडल सरळ खाली घातलं तरी तळ लागला नाही. नैऋत्येला लांब, क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्सच्या दीपगृहाचा उजेड लागत-विझत होता. त्या खडकांवरच्या गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत, तिथे एकदा दिवसा जायचं आमचं जुनं ठरलेलं आहे, त्या रात्री कोणी तो विषय काढला नाही.

ताईने होडीतून वाकून पाण्यात हात घातला. मग म्हणाली, "काल हेच होतं का?"

भाची म्हणाली, "हेच."

पंधरा-वीस मिनिटं असू तिथे. मग ग्लोस्टिकच्या बाजूला एक नारळाची झावळी तरंगत होती ती अगदी सावकाश, जेमतेम, समुद्राच्या दिशेला सरकायला लागली, आणि तात्यांनी काही न बोलता इंजिनाची दोरी ओढली. बाराला दहा कमी असताना भोगव्याच्या वाळूवर होतो. दूध ह्या वेळी ताईने आणलं होतं, साखर विसरली होती, कोणी बोललं नाही.

चौथा दिवस

सकाळी भोगव्याहून निवतीपर्यंत जायचं होतं, दाजींचा खांदा उचलेना म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने तासभर गेलो, लाल खडक आणि वर निवतीच्या किल्ल्याचे अवशेष बघितले आणि परत फिरलो. निघायच्या आधी तात्या म्हणाले, बसून बघतंय. कमरेएवढ्या पाण्यात भाचीने बोट धरली, तात्या लुंगी खोचून बसले, भाचीने हात सोडला आणि पुढच्या सेकंदाला तात्या पाण्यात. वर आले, केस मागे केले आणि म्हणाले, "सांगलंय मा, उलांडी व्हयी."

परुळ्यावरून मोठा वळसा घालून ताई गाडी घेऊन आली, कयाक बांधल्या, दाजींनी प्रत्येक पट्टा तीनदा ओढला. माझी बोट आता मागच्या बाजूला तडकलेली आहे आणि गाडीत दुधाचा आंबट वास आहे, तो अजूनही पूर्ण गेला नाही.

फोंडा घाट चढून वर आलो तेव्हा साडेचार वाजले होते. पूर्वेकडे परत तेच, पांढरे गड्डे वर वर चढत होते, बुडाला काळपट. ताईने न सांगता गाडी बाजूला घेतली. मी तात्यांना फोन लावला आणि म्हणलं, तात्या, इकडे ढग वाढतायत, मुलगा आज बाहेर जाणार असेल तर सांगा त्याला.

"होडी कवाच वर काडलंय," तात्या म्हणाले. "तुमी आता सांगतास?"